पडद्यावर मकातेआ, पायाखाली काउआई

वाळूवर एक छोटं विमान मोडून पडलंय. वैमानिक आणि त्याची प्रवासी सुखरूप आहेत, पण आसपास माणसाचा मागमूस नाही. १९९८ सालच्या ‘सिक्स डेज, सेव्हन नाइट्स’ या विनोदी साहसपटातला हा प्रसंग. गोष्टीत हे सगळं घडतं दक्षिण पॅसिफिकमध्ये, मकातेआच्या परिसरात. कॅमेरा मात्र लागला होता तिथून ४,००० किलोमीटरहून जास्त दूर, विषुववृत्ताच्या या बाजूला, हवाईतल्या काउआई बेटावर. ही वाळू पापाआ उपसागराची.

मकातेआ काल्पनिक नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या त्या बेटावर १९६६ पर्यंत फॉस्फेटची खाण चालली. तिथली जमीन आजही खोल खड्ड्यांनी पोखरलेली आहे.

काउआईची हिरवाई येते पावसातून. ईशान्येकडून सतत वाहणारे व्यापारी वारे समुद्राचं बाष्प घेऊन येतात आणि थेट वायालेआले शिखराला धडकतात. तिथे वर्षाला सरासरी ९ मीटरहून जास्त पाऊस पडतो. आणि गंमत बघा, तिथून ३० किलोमीटरच्या आतच पश्चिम किनारा आहे, जिथे जेमतेम अर्धा मीटर! घनदाट रान, लाल मातीच्या दऱ्या, कोरडी वाळू, सगळं एका दिवसाच्या फेऱ्यात. चित्रपटवाल्यांना आणखी काय हवं?

आता हा हुलेइआ ओढा, किपूच्या खासगी कुरणांजवळचा. संथ, हिरवट पाणी, दोन्ही काठांवर पाण्यात वाकलेली गच्च झाडी. हॅरिसन फोर्ड १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या सुरुवातीला जीव घेऊन पळतो तो इथेच. तेव्हा हे पाणी दक्षिण अमेरिकेचं होतं. पुढे तोच नट याच बेटावर परतला, ‘सिक्स डेज, सेव्हन नाइट्स’मधला वैमानिक होऊन. तो खराखुरा वैमानिक आहे, आणि या चित्रपटात ‘बीव्हर’ विमान काही दृश्यांत त्याने स्वतः उडवलं. २००७ साली ‘ट्रॉपिक थंडर’चं युनिट आलं आणि हेच रान आग्नेय आशिया झालं.

इतकी नावं लावून झाली, पण काउआईला स्वतःच्या नावाने पडद्यावर क्वचितच येता आलं. मला याची खंत वाटते.

उत्तरेला ना पाली किनारा. हवाईयन भाषेत अर्थ सरळ आहे: कडे. समुद्रातून उठलेले, काही १,२०० मीटरपर्यंत उंच. इथे रस्ता नाही. केए किनाऱ्याशी डांबर संपतं, मग पायवाट, बोट किंवा हेलिकॉप्टर. त्यामुळेच हवेतून पाहिलं की हा मुलूख निर्जन वाटतो आणि कॅमेरा त्याला सहज निर्जन बेट म्हणून दाखवतो.

पण याच किनाऱ्यावरच्या कलालाऊच्या दरीत उतरून पायवाटेने आत चला. झाडांच्या मुळांखाली, शेवाळलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती दिसतात. एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. कुणीतरी हे दगड हाताने रचलेत, ओढ्याचं पाणी वळवून या वाफ्यांमध्ये खेळवलंय. इथे शतकानुशतकं माणसं राहिली. या वाफ्यांत ती अळू लावत होती.