गाडीला काय दिसतं, काय दिसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, लेन सुटू लागली की स्टिअरिंग हलकेच वळवणारी, धडक होणार असं दिसलं की आपणहून ब्रेक लावणारी गाडी आता अनेकांच्या हाती आहे. या सोयींना मिळून 'अ‍ॅडास' म्हणतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने वाहनांच्या स्वयंचलनाच्या 0 ते 5 अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. अंतर आणि लेन दोन्ही एकाच वेळी सांभाळणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या पायरीवर आहेत. या पायरीवर रस्त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच असते.

सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलबद्दल, म्हणजे आपण ठरवलेला वेग धरून पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या यंत्रणेबद्दल. ती समोरच्या कशासाठीही थांबेल, असं अनेकांना वाटतं. पुढची गाडी चालती असेल, तर ही यंत्रणा तिच्या मागे छान चालते. अडचण येते थांबलेल्या वाहनाशी. ही यंत्रणा बहुधा रडारने, म्हणजे वस्तूंवर आदळून परतणाऱ्या लहरींनी, पुढचं ओळखते; पण रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, पूल यांच्यावरूनही या लहरी परत येतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून जास्त वेगात अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंकडे फारसं लक्ष देत नाहीत.

आता असं समजा, की तुम्ही ताशी 100 किलोमीटर वेगाने जाताय आणि अंतर 2 सेकंदांचं ठेवलंय. म्हणजे पुढची गाडी साधारण 56 मीटरवर आहे. ती अचानक लेन बदलते आणि तिच्या आड दडलेला बंद पडलेला ट्रक समोर येतो. क्रूझ कंट्रोल मुद्दामच सौम्य ब्रेक लावतो. तेवढ्या ब्रेकने 100च्या वेगातून थांबायला सुमारे 110 मीटर लागतात. तुम्ही स्वतः पूर्ण ब्रेक दाबलात, तर कोरड्या रस्त्यावर 45 ते 50 मीटरमध्ये गाडी थांबते. पण पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात 28 मीटर संपलेले असतात. म्हणूनच फक्त पुढच्या गाडीकडे न पाहता तिच्याही पुढे पाहायचं. अंतर कमाल ठेवायचं. पुढची गाडी लेन सोडताना दिसली, की पाय ब्रेकवर हवा.

आणखी एक धोका सहज विसरला जातो. गर्दीत गाडी 40च्या वेगाने चालली असेल, पण आधी 100 ठरवून ठेवला असेल, तर समोरचं वाहन बाजूला होताच गाडी पुन्हा 100कडे धावू लागते. महामार्ग सोडून उतरणीच्या वळणावर येताना हे घडलं तर फार वाईट. वळणाआधीच क्रूझ कंट्रोल बंद करा.

लेन सांभाळणारा कॅमेरा रंगवलेले पट्टे पाहतो. पट्टे पुसट असले, पावसाने चकाकत असले, सूर्य समोरून डोळ्यावर येत असला किंवा कामामुळे जुन्या-नव्या रेषा एकत्र दिसत असल्या, तर तो गोंधळतो. डॅशबोर्डवरच्या लेनच्या चिन्हाचा रंग बदलला म्हणजे बहुतेकदा रेषा हरवल्या. कुठल्या रंगाचा काय अर्थ, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा. लेन बदलताना इंडिकेटर जरूर द्या, नाहीतर स्टिअरिंग तुमच्याशी झुंजेल. झुंजलं तरी घाबरू नका, हाताचा जोर त्याच्यावर मात करतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. समोरची काच बदलली, की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा तपासून अचूक जुळवणं, करून घ्याच. कॅमेरा केवळ एक अंश तिरका बसला, तर 100 मीटरवर त्याची चूक पावणेदोन मीटरची होते. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये ही निम्मी लेन झाली! शेजारच्या लेनमधली गाडी तुमच्या पुढे असल्याचं त्याला वाटू शकतं. चाकांचं अलाइनमेंट केलं किंवा बंपर काढून बसवला, तरी कार्यशाळेत कॅलिब्रेशनबद्दल विचारा. बंपरच्या कोपऱ्यात मागचं रडार दडलेलं असतं, त्यावर स्टिकर किंवा रंगाचा जाड थर नको. काचेवर आरशाजवळचा भाग आतूनही पुसा, तिथला धूसरपणा कॅमेऱ्याला नडतो.