चार मिनिटांचे अर्धायुष्य मोजताना

नवा समस्थानिक सापडला असे म्हणायचे, तर तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: मूलद्रव्य कोणते, वस्तुमानांक किती आणि अर्धायुष्य (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा वेळ) किती. दुर्मिळ मृदा (लँथॅनम ते ल्युटेशियम) मूलद्रव्यांत पहिल्याच गोष्टीशी गाडे अडते. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या १.०३ अँगस्ट्रॉमवरून ०.८६ वर येते. हा एवढासा फरक पंधरा मूलद्रव्यांत वाटला गेलेला, म्हणून शेजारची मूलद्रव्ये रसायनाने वेगळी करणे कठीण. १९४५ साली अमेरिकेतल्या ओक रिजला मारिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरियेल यांनी प्रोमेथियम ओळखले ते आयन-विनिमयाच्या (राळेच्या कणांनी आयन कमी-जास्त घट्ट धरून वेगळे करण्याच्या) बळावर. पण त्यांच्या प्रोमेथियम-१४७ चे अर्धायुष्य २.६ वर्षे होते. आपल्याला मोजायचे आहे प्रोमेथियम-१५२, आणि हाती मिनिटे आहेत.

कॅलिफोर्नियम-२५२ आपोआप भंग पावते. त्याच्या पातळ थरातून उडालेले तुकडे (त्यांत निओडिमियम, प्रोमेथियमही असतात) हेलियममध्ये थांबवायचे. हेलियम आधी तापवलेल्या मिठावरून नेलेला असतो, त्यामुळे त्यात मिठाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. तुकडे त्या कणांना चिकटतात आणि बारीक नळीतून काही सेकंदांत प्रयोगशाळेत येतात. नुसता हेलियम त्यांना आणू शकत नाही, ते नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. नळीला तीव्र वाक असला तर मीठ तिथे साचते आणि आवक घटते. ही घट ऱ्हासासारखी दिसू नये म्हणून जमवणे आणि मोजणे वेगळे ठेवायचे.

गाळणीवर जमलेले मीठ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून कॉलमवर (आयन-विनिमय राळेने भरलेल्या नळीवर) चढवतात आणि अल्फा-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्लाने उतरवतात. जड, लहान आयन आधी येतात: युरोपियम, सॅमेरियम, प्रोमेथियम, मग निओडिमियम. द्रावणाचा सामू थोडा हलला तरी सगळ्या वेळा सरकतात, म्हणून माहीत असलेल्या समस्थानिकांनी वेळापत्रक आधी तपासून घ्यायचे. आणखी एक खोच आहे. निओडिमियम कॉलमवर असतानाच त्याचा ऱ्हास होऊन प्रोमेथियम जन्मते, ते पुढे पळते आणि आधीच्या भागात मिसळते.

आता निओडिमियम-१५२ जवळून पाहू. त्याचे अर्धायुष्य ११.४ मिनिटे, त्यातून होणाऱ्या प्रोमेथियम-१५२ चे ४.१ मिनिटे. प्रोमेथियमच्या ऱ्हासातून सॅमेरियम-१५२ ची १२१.८ केईव्हीची (केईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचे एकक) गामा रेषा दिसते. दोन्ही एकत्र ठेवून ही रेषा मोजली, तर काही वेळाने ती ११.४ मिनिटांनीच निम्मी होऊ लागते. लेक (ऱ्हासातून जन्मलेले प्रोमेथियम) आईच्या (निओडिमियमच्या) चालीने चालते. घाईत हाच आकडा प्रोमेथियमच्या नावावर लागतो. शिवाय डिटेक्टर जुळवण्यासाठी वापरायचे युरोपियम-१५२ अगदी हीच रेषा देते, कारण त्याचाही बराचसा ऱ्हास सॅमेरियम-१५२ मध्ये होतो. तो स्रोत जवळपास राहिला, की आलेखाची शेपटी खाली यायचीच नाही.

मूलद्रव्याची खात्री क्ष-किरणांनी करायची. प्रोमेथियमची मुख्य रेषा ३८.७ केईव्हीला, सॅमेरियमची ४०.१ ला, जर्मेनियम डिटेक्टर या सहज वेगळ्या दाखवतो. मात्र बीटा-ऱ्हासानंतर (केंद्रक इलेक्ट्रॉन टाकून पुढचे मूलद्रव्य बनल्यावर) दिसतो तो लेकीचा क्ष-किरण. म्हणजे सॅमेरियमची रेषा आणि १२१.८ ची गामा एकाच क्षणी आल्या आणि युरोपियम-१५२ जवळ नसेल, तर आई प्रोमेथियम.

मोजणीतली सर्वांत फसवी चूक मृतकाळाची, म्हणजे डिटेक्टर एक नोंद करण्यात गुंतल्याने दुसरी घेऊ शकत नाही त्या काळाची. एक स्पंद हाताळताना १० मायक्रोसेकंद गेले, तर सेकंदाला १०,००० खऱ्या घटनांपैकी सुमारे ९ टक्के हुकतात. सुरुवातीला नोंदी जास्त हुकतात, नंतर कमी. आलेख चपटा होतो आणि अर्धायुष्य खऱ्यापेक्षा मोठे येते. यावरचा इलाज साधा आणि अत्यावश्यक आहे: एक नमुना डिटेक्टरजवळ, दुसरा दूर ठेवून मोजा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका.

एवढे करूनही भंजनातून थेट आलेल्या प्रोमेथियममध्ये त्याच वस्तुमानाचा, साडेसात मिनिटांचा समघटक (तेच केंद्रक, पण जास्त ऊर्जेच्या अवस्थेत) मिसळलेला असतो, आणि १२१.८ ची रेषा तोही देतो. म्हणून आधी निओडिमियम शुद्ध करायचे, त्यात काही मिनिटे प्रोमेथियम साठू द्यायचे आणि पुन्हा वेगळे करायचे. निओडिमियम-१५२ च्या ऱ्हासातून तो समघटक तयार होत नाही, त्यामुळे आता आलेखावर एकच सरळ रेषा उतरते: ४.१ मिनिटांची.

निओडिमियम-१५४ साठी मात्र हा मार्ग बंद आहे. त्याचे अर्धायुष्य २६ सेकंद. वेगळे करण्यात चार मिनिटे गेली तर सहाशेपैकी एखादाच अणू उरतो. तिथे तापलेल्या धातूच्या पृष्ठभागावर आयन बनवून चुंबकाने वस्तुमानानुसार निवडावे लागतात.