तिथे राहून काय काय होता येतं?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं हे भाषण वाचनासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढे 'आठवणीतलं कोकण' असं छापलंय. आठवणी तर निघतीलच. या सभागृहात नुसतं 'रातराणी', म्हणजे एसटीची रात्रीची गाडी, म्हटलं तरी कितीजणांना परळचा डेपो आणि पहाटेचा कशेडी घाट आठवतो, ते मला इथूनही दिसतंय. पण आज मला कोकणातल्या कामाबद्दल बोलायचंय. तिथे राहून, हातातल्या कलेवर आणि अंगातल्या चिकाटीवर पोट भरता येतं का, त्यावर एखादं शहर उभं राहतं का, याबद्दल.

हे डोक्यात शिरलं ते आपल्या बालवर्गातल्या एका मुलीमुळे. गणपतीच्या आधी आपण मूर्तीचं खोकं उघडत होतो. मुलं पेंढा उपसत होती. मी त्यांना पेण कुठे, आमचं चिपळूण कुठे, समुद्र कुठे, आंबे कसे उतरवतात, असं सगळं सांगत होते. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तिथे राहून मोठेपणी काय काय होता येतं?" इथल्या मुलांना शाळेत हा प्रश्न रोज विचारतात, म्हणून तिनेही सहज विचारला. मी शिक्षक म्हटलं, डॉक्टर म्हटलं, बागायतदार म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्ही सगळे बाहेर का आलात?"

तेव्हापासून ती दोन वाक्यं मला सोडत नाहीत.

तर पेणपासूनच सुरुवात करते. पेण शहर आणि आसपासची हमरापूर, जोहे, कळवे ही गावं बाराही महिने गणपती घडवतात. आपण विसर्जन करून दुसऱ्या दिवशी कामावर जातो, आणि तिथल्या कारखान्यांत पुढच्या वर्षाची तयारी सुरू होते. गुजरातेतून शाडूची माती मागवायची. शाडू असेल तर साच्यात दाबायची, पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, असेल तर काथ्या घालून ओतायचं. कच्ची मूर्ती वाळवायची, घासायची, रचून ठेवायची. परदेशी जाणाऱ्या मूर्ती समुद्रमार्गे येतात, म्हणून त्या कित्येक महिने आधी रंगून तयार लागतात. आपल्या गणपतीवर रंग चढतो तेव्हा आपण इथे बर्फ उपसत असतो.

आणि शेवटी आखणी. रंग पुष्कळांना देता येतो, पण डोळ्यांची आखणी सगळ्यांच्या हाती देत नाहीत. सराईत हातच तिथे बसतो, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत आपण ज्या नजरेपुढे उभे राहतो ती त्या हातातून येते. दर वर्षी खोकं उघडलं की आपल्यातलं कुणीतरी म्हणतंच, "डोळे काय सुरेख आलेत!" ते आखणाऱ्याला त्याचे किती मिळाले, हा प्रश्न आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत अजून एकदाही निघालेला नाही. कंटेनरच्या भाड्यावर मात्र तासभर चर्चा होते.

या एका कलेवर पेणमध्ये केवढं अर्थकारण उभं आहे, बघा. साचे करणारे आहेत, रंगांची दुकानं आहेत, खोकी ठोकणारे सुतार आहेत, टेम्पोवाले आहेत, कारखान्यांसाठी जागा भाड्याने देणारे आहेत. कितीतरी घरांतल्या बायका रंगकामाला बसतात आणि संध्याकाळी चालत घरी जातात. विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदर येतं, नाहीतर धुराडं. इथे तसलं काही नव्हतं. भाविकांची मागणी होती, मुंबई जवळ होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले हात होते. एवढ्यावर शतकाहून अधिक काळ एक शहर आपलं नाव राखून आहे.

पण या धंद्याचं चक्र फार अवघड आहे. खर्च वर्षभर आणि पैसा भाद्रपदाच्या तोंडावर. मधले महिने कर्जावर काढायचे. २०२० साली करोनात सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा घातली. त्या परिस्थितीत ती घालावी लागली, हे मला मान्य आहे. पण तोवर उंच मूर्ती तयार होऊन शेडमध्ये उभ्या होत्या, त्यांच्यात कर्ज अडकलं होतं. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पत्रे उडाले, माल भिजला. त्यात पीओपीचा प्रश्न. पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०२० च्याच. तेव्हापासून वाद न्यायालयात गेला, आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक देऊन नैसर्गिक पाण्यात विसर्जनावर मात्र बंधनं ठेवली. नद्या आणि खाड्या वाचल्याच पाहिजेत. पण पुढच्या हंगामात काय विकायला चालेल हे ज्याला माहीत नाही, त्याने कर्ज कशाच्या भरवशावर काढायचं? तरी माणसं साचे काढतात. हे त्यांचं धैर्य आहेच, आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही हेही आहे.

आता मुलीचा दुसरा प्रश्न, बाहेर का आलात. याचं उत्तर आपल्या आजोबांनी आपल्याआधीच दिलं होतं. ते मुंबईच्या कापड गिरणीत गेले. गावात मनीऑर्डर यायची तेव्हा वाण्याची उधारी फिटायची, कौलं शाकारली जायची. अख्खं कोकण कित्येक दशकं मनीऑर्डरीवर जगलं. पण आपण एक विसरतो. चाकरमानी मुंबईला जाताना नुसते हात घेऊन गेला नाही. तो भजनाची टाळ-मृदंग घेऊन गेला, जाखडी नाचाची घुंगरांची चाळ घेऊन गेला, गणपती घेऊन गेला. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांनी लालबाग-परळला जे उभं केलं, त्यातून मुंबईचा सगळ्यांत मोठा उत्सव फोफावला. लालबागचा राजा १९३४ साली बसला तो कोळी आणि बाजारातल्या विक्रेत्यांच्या नवसातून, हक्काची बाजाराची जागा मिळावी म्हणून. आधी पोटाचा प्रश्न होता, मग उत्सव आला, आणि आज त्या उत्सवावर मंडपवाले, मूर्तिकार, ढोलवाले, फुलवाले असे किती संसार चालतात!

आणि खानावळी. गिरणगावातल्या बायकांनी एका खोलीत चूल मांडून पाळीपाळीच्या कामगारांना जेवू घातलं. त्यांच्या हातची आमटी हेच त्यांचं भांडवल, पण त्यावर बँक कर्ज देत नव्हती, म्हणून सावकाराकडे जावं लागायचं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या दारात उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे हळूहळू कायमचे थांबले. तेव्हा कितीतरी घरं बायकांच्या कमाईवर तगली. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आले, मनोरे आले. शहर बदललं, श्रीमंत झालं. ज्यांनी त्या वस्तीला चव दिली आणि ताल दिला, त्यातले बहुतेक मात्र विरार, बदलापूरपर्यंत फेकले गेले. शहराचं रूपांतर झालं असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणाच्या पदरात पडलं हे विचारायला हवं. मला पेणची काळजी वाटते ती याचसाठी. रुंद रस्ते आणि नवी मुंबईचा विमानतळ त्याच्या दाराशी आलाय. जमिनीचा भाव चढला की मूर्तीच्या कारखान्यापेक्षा प्लॉट पाडणं फायद्याचं ठरतं.

थोडं दक्षिणेला चला. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची कला, जवळजवळ संपली होती. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांची एकशे वीस गोल पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चितारीकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना कामाला बसवलं. म्हणून आज ती आहे. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे आधी माणूस होता, योजना मागून आली. पुरस्काराने मान मिळतो, पण पुढच्या पोराला महिन्याचं उत्पन्न मिळेलच असं नाही.

माझ्या चिपळूणबद्दल बोलताना मला आवाज सांभाळावा लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते दुकानांच्या माळ्यांपर्यंत गेलं. कापडाची ठाणं, औषधं, वह्या, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं सामान, सगळं चिखल झालं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, आपलं लोटिस्मा, १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात त्याची पुस्तकं गेली होती. पुन्हा जमवली, २०१३ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवून दाखवलं. २०२१ मध्ये परत पाणी आलं, हजारो पुस्तकं लगद्यासारखी काढावी लागली. आणि पुन्हा वाचनालय उघडलं. बाजारही उघडला. गावोगावची माणसं फावडी घेऊन आली होती.

तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'कोकणी माणूस चिवट आहे' असे संदेश फिरले. मंडळी, मला त्या वाक्याचा राग येतो, मनापासून येतो. चिवट म्हणून पाठ थोपटली की नदीतल्या गाळाबद्दल, कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्याबद्दल, विम्याविना बुडालेल्या दुकानदाराबद्दल बोलायची गरज उरत नाही. चिपळूणकर नुसते सोसत बसले नाहीत. ते गाळ काढण्यासाठी साखळी उपोषणाला बसले, तेव्हा गाळ निघायला लागला. शहर सावरतं ते असं, एकत्र बसून, कागद हातात घेऊन, मागणी लावून धरून. आणि माणसं एकत्र बसू शकली, कारण त्यांच्याकडे एकत्र बसायच्या जागा होत्या: वाचनालय होतं, शिमग्याची पालखी होती, नाटकाच्या तालमी होत्या. म्हणून मी संस्कृतीला करमणूक मानत नाही. संकटात कुणाला हाक मारायची, हे त्या तालमीत ठरलेलं असतं.

नोकऱ्या नकोत असं माझं म्हणणं नाही. लोटे-परशुरामच्या रसायन कारखान्यांनी कितीतरी घरं चालवली. पण दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं सांगताहेत की दूषित पाण्याने त्यांची मासळी गेली. एकाला पगार देताना दुसऱ्याचं जाळं रिकामं होत असेल, तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आपण अर्धंच दिलं.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, मी तुमच्यातलीच आहे. आपण मुंबईहून कलाकार बोलावतो तेव्हा मानधन, विमान, हॉटेल सगळं ठरवून देतो. दशावतार, नमन या कोकणातल्या लोकनाट्यांचा विषय निघाला की 'त्यांना इथे यायची संधी मिळतेय' असं म्हणतो. राजा उभा करणारा, रात्रभर बिनसंहितेचं बोलणारा नट आपल्याला स्वस्तात हवा असतो. गावी जाऊन घरगुती खानावळीत चुलीवरच्या वड्यांचे फोटो काढतो आणि बिल देताना घासाघीस करतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला हात सैल सोडतो, वाचनालयाच्या पावतीपुस्तकापुढे आखडता घेतो. भावकीत पटत नाही म्हणून घर बंद, कलमं वाळतायत, आणि शेवटी जागा कुठल्या तरी दलालाला. मग इथे बसून 'कोकण बदललं' म्हणून हळहळतो. प्रेम खोटं नाही आपलं. पण नुसत्या हळहळीवर कुणाचा कारखाना चालत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक मागणी आहे, छोटीच. पुढच्या वर्षीच्या मूर्तीची ऑर्डर याच महिन्यात द्यावी आणि अर्धी रक्कम आगाऊ द्यावी, म्हणजे तेवढं तरी कर्ज त्या माणसाला काढावं लागणार नाही. मूर्ती शाडूची घ्यावी, ती जड असते, फुटायची भीती असते, भाडं वाढेल, ते आपण सोसावं. आखणी करणाऱ्याचं नाव खोक्यावर यावं आणि त्याचं मानधन वेगळं द्यावं. आणि दर वर्षी एक दशावतारी किंवा नमनाचा संच पूर्ण मानधनावर बोलवावा, भले मुंबईचा एक कार्यक्रम कमी झाला तरी चालेल.

खजिनदारांनी मला परवा विचारलं, "ताई, एवढ्याने काय होणार?" प्रश्न रास्त आहे. ज्या कारखान्यातून आपली मूर्ती आली, तिथल्या मूर्तिकारांशी मी फोनवर बोलले. त्यांचा मुलगा बारावीला आहे, हात वडिलांसारखाच आहे म्हणतात. सुट्टीत तो आखणीला बसतो. त्याला पुण्याला इंजिनीअरिंगला जायचंय, आणि वडिलांनाच त्याने जावं असं वाटतं. वडिलांचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आपण सगळे असेच कुणीतरी पाठवल्यामुळे इथे आहोत. आगाऊ रक्कम जाईल, मानधन जाईल, पण तो मुलगा शिकून परत पेणला येईल इतकं त्या कामात उत्पन्न आणि मान कधी असेल का, याचं उत्तर अजून त्याच्या घरातही कुणी दिलेलं नाही.