फोनच्या पलीकडे ऐकणारं कार्ड

कित्तूर म्हटलं की आपल्याला १८२४ आणि राणी चन्नम्मा आठवतात. टेलिफोनच्या धंद्यातल्या माणसाला त्याच गावावरून १९८६ आठवतं. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली आणि तिने बनवलेलं १२८ पोर्टचं, म्हणजे १२८ जोडण्यांचं, ग्रामीण एक्सचेंज पहिल्यांदा बसलं ते आपल्या बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. गावातला उकाडा आणि धूळ सोसेल असंच ते बांधलं होतं. तोवर मोठ्या शहरांपुरता असलेला डिजिटल आवाज असा आपल्या बाजूच्या गावात आला.

पण आजचा विषय एक्सचेंज नाही, त्याच्या लाइनला जोडलेलं, पीसीत बसणारं टेलिफोनचं कार्ड आहे. 'मराठीसाठी एक दाबा' असं सांगणारा आवाज ज्याच्यातून येतो ते. लोकांना वाटतं, यंत्राला बोलतं करणं हीच मोठी करामत. तसं नाही हो. बोलणं सोपं असतं, रेकॉर्ड केलेली फाइल वाजवली की झालं. या कार्डावरचा सगळा खर्च आणि सगळी डोकेफोड असते ती नीट ऐकण्यासाठी.

आधी आवाज कार्डापर्यंत पोचतो कसा ते बघू. सेकंदाला ८००० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं. झाले ६४,००० बिट. असे ३२ कप्पे एकापाठोपाठ लावले की ई-वन लाइन तयार होते, २.०४८ मेगाबिटची. कप्पा क्रमांक शून्य मेळ राखायला, क्रमांक सोळा बहुधा सिग्नलिंगला, म्हणजे फोन लागला, ठेवला अशा निरोपांना, उरलेल्या तीसमध्ये तीस माणसं बोलतात. भारतात आणि युरोपात माप लिहायची पद्धत 'ए-लॉ', अमेरिकेत 'म्यू-लॉ'. सेटिंग चुकलं तर आवाज येतो, पण फाटलेल्या स्पीकरसारखा, आणि दिवसभर सगळे वायर तपासत बसतात.

घड्याळाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथून निघतात. कार्डाने आपली वेळ नेटवर्ककडूनच घ्यायची असते. ते स्वतःच्या क्रिस्टलवर, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर, चालायला लागलं आणि दोन घड्याळांत दहा लाखांत ५० इतका फरक पडला, तर दर अडीच सेकंदाला एक अख्खी फ्रेम, म्हणजे बत्तीस कप्प्यांची एक फेरी, गळते नाही तर दोनदा येते. बोलणाऱ्याला हलकीशी 'टिक' ऐकू येते, तो दुर्लक्ष करतो. फॅक्स मात्र मधेच तुटतो. ग्राहक सांगतो, फोन मस्त चालतो, फॅक्स मशीन खराब आहे. मशीन बिचारं चांगलं असतं.

आता ऐकण्याकडे येऊ. तुम्ही '१' दाबता तेव्हा फोन ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकदम वाजवतो. '५' ला ७७० आणि १३३६. चार खालचे सूर, चार वरचे. ते अशा बेताने निवडले आहेत की एक सूर दुसऱ्याची पट होऊ नये. कार्ड काय करतं? २०५ नमुने, म्हणजे वर सांगितलेली मापं, घेतं, म्हणजे जेमतेम पंचवीस मिलिसेकंदांचा आवाज, आणि या आठ सुरांपैकी कोणाचा किती जोर आहे ते मोजतं. ही रीत गर्टझेलने १९५८ मध्ये मांडली. सगळ्या सुरांचा पूर्ण वर्णपट काढायची गरज नाही, आठच जागी बघायचं, म्हणून हिशेब स्वस्तात होतो.

हे पुस्तकात सोपं वाटतं, पण माणसाच्या आवाजातही हे सूर असतात. बोलता बोलता एखादा स्वर असा लागतो की कार्डाला वाटतं बटण दाबलं, आणि ग्राहकाचं बोलणं अर्धवट तोडून मेनू पुढे सरकतो. म्हणून कार्ड त्या सुराच्या दुप्पट कंप्रतेलाही बघतं. तिथेही जोर असेल तर तो माणूस, नसेल तर बटण. शिवाय दोन सुरांच्या जोरात फार तफावत नको, सूर किमान ४० मिलिसेकंद टिकायला हवा. या अटी जास्त कडक केल्या तर लांबच्या कमजोर लाइनवरची खरी बटणं सुटतात, सैल सोडल्या तर बोलण्यालाच बटण समजलं जातं. चांगलं कार्ड आणि वाईट कार्ड यांत फरक इथे पडतो, असं माझं मत आहे. चकचकीत माहितीपत्रकात ते कधी दिसत नाही.

साध्या दोन तारांच्या लाइनवर आणखी एक पंचाईत. पलीकडच्याने फोन ठेवला हे कार्डाला कळणार कसं? एंगेज टोन ऐकून. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतला ४८० आणि ६२० मिळून, अर्धा-अर्धा सेकंद. तिकडून आलेलं कार्ड आपला टोन न शिकवता बसवलं तर ते रिकाम्या लाइनला मेनू वाचून दाखवत बसतं. चार लाइन असल्या की दुपारपर्यंत चारही अडकल्या म्हणून समजा.

प्रतिध्वनीचं गणित याहून भारी. घरापर्यंत दोन तारा, एक्सचेंजच्या आत जाण्या-येण्याच्या वेगळ्या वाटा. जिथे त्या जुळतात तिथे थोडा आवाज परत फिरतो. म्हणजे कार्ड 'तीन दाबा' म्हणतं आणि तेच 'तीन दाबा' त्याच्या कानावर परत येतं, त्याच गोंधळात ग्राहकाचं बटण ओळखायचं. उपाय असा : आपण काय बोललो ते कार्डाला माहीत असतंच, त्यावरून प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि आलेल्या आवाजातून तो वजा करायचा. अंदाज सुधारत नेण्याची पद्धत विड्रो आणि हॉफ यांची, १९६० ची. १६ मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीसाठी दर नमुन्याला १२८ गुणाकार, सुधारणेसाठी तेवढेच आणखी, तीस चॅनलना मिळून सेकंदाला सहा कोटींच्या वर. दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या की मात्र अंदाज सुधारणं थांबवावं लागतं, नाहीतर तो बिघडतो. आपल्या घरांत दोन्ही बाजू एकदमच बोलतात, तेव्हा आपल्याकडे या कार्डाला विश्रांती भरपूर.

ही कार्डं नवी होती त्या काळच्या पीसीला सहा कोटी गुणाकार पेलणारे नव्हते. म्हणून कार्डावर वेगळ्या डीएसपी चिप्स असायच्या, गुणाकार-बेरीज एका दमात करणाऱ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस-३२० मालिका त्यातली नावाजलेली. कार्ड महाग असायचं ते याच चिप्समुळे.

बोलणं सोपं म्हणालो खरं, पण मराठीत तेही तितकं सोपं नाही. बाकी रक्कम सांगायची आहे असं समजा. इंग्रजीत शून्य ते एकोणीस आणि वरचे आठ दशक, अठ्ठावीस फाइलींत नव्व्याण्णवपर्यंत काम भागतं. मराठीत त्रेसष्ट वेगळा, सदुसष्ट वेगळा, अडुसष्ट वेगळा, सरळ शंभर फाइली. कन्नडमध्ये जोडता येतील असं वाटतं, पण 'इप्पत्तु' आणि 'ओंदु' मिळून 'इप्पत्तोंदु' होतं, तुकडे लावले की कानाला ठेचकाळतं. बेळगावात दोन्ही भाषा हव्यात, आणि शक्यतो एकाच माणसाच्या आवाजात. तिसरी अट अशी की वाक्याच्या शेवटी येणारा आकडा खाली उतरत्या सुरात वेगळा रेकॉर्ड करायचा. हा भाग बहुतेक जण गाळतात. मग 'दोन हजार, तीनशे, पंच्याहत्तर' ऐकल्यावरही ग्राहक पुढे काहीतरी येईल म्हणून फोन कानाला लावून थांबतो.

पुढे पीसीच वेगवान झाले. जिम डिक्सन यांनी विचार केला, डीएसपी काढूनच टाकू, कार्डाने फक्त लाइन आत आणावी, गणित मुख्य प्रोसेसरने करावं. त्यातून टॉर्मेंटा हे कार्ड आलं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ॲस्टरिस्क या पीसीलाच एक्सचेंज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरशी त्याची गाठ पडली आणि लहान कचेरीलाही स्वतःचं एक्सचेंज परवडू लागलं. किंमत उतरली, पण कार्ड सेकंदाला हजार वेळा प्रोसेसरला हाक मारायचं, दर वेळी आठ नमुने घेऊन. त्याच वेळी डिस्क कामात असली आणि हाक चुकली की लाइनवर खट्ट. जुन्या महाग कार्डांना हा त्रास नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

एक चिठ्ठी आली आहे : शिकण्यासाठी असं जुनं कार्ड विकत घ्यावं का? नको. ते बसवायला जुना स्लॉट असलेला पीसी हवा, आणि ई-वन लाइन तुम्हाला घरी कोण देणार? त्यापेक्षा मोबाइलच्या कीपॅडचे सूर लॅपटॉपवर ८००० नमुन्यांच्या दराने रेकॉर्ड करा आणि गर्टझेल लिहा, पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम आहे. आधी ६९७ आणि १२०९ सापडतात का बघा. सापडले की घरातल्या एखाद्या बोलक्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं त्याच प्रोग्रॅमला ऐकवा आणि त्यात किती बटणं 'दाबली' जातात ते मोजा.