जहन्नमचा मूळ पत्ता

‘जहन्नममध्ये जा’ असं आपण चिडून म्हणतो. मंडळी, तिथं खरोखर जाता येतं. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या पश्चिमेकडून उतरत दक्षिणेला वळणारी ती एक दरी आहे. हिब्रूत ‘गे’ म्हणजे दरी. ‘गे बेन-हिन्नोम’ म्हणजे हिन्नोमच्या मुलाची दरी. हा हिन्नोम कोण, याबद्दल बायबल अवाक्षर काढत नाही. यहोशवाच्या पुस्तकात हे नाव येतं तेही सातबाऱ्याच्या थाटात: यहूदा आणि बन्यामीन या दोन वंशांची हद्द इथून जाते, बस्स.

मग बिनसलं कुठं? या दरीत तोफेत नावाची जागा होती. तिथं मोलखासाठी मुलांना आगीत घालत. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या दोन राजांनी तर या दरीत स्वतःचीच मुलं दिली, असं बायबल सांगतं. मोलख हे दैवताचं नाव की बळीच्या प्रकाराचं, यावर विद्वानांची अजून जुंपलेली आहे. इ.स.पू. सातव्या शतकात योशिया राजानं तोफेत मुद्दाम भ्रष्ट करून टाकलं, पुन्हा कुणी तिथं पोर घेऊन येऊ नये म्हणून. यिर्मया संदेष्टा कुंभाराकडचं मडकं घेऊन, वडीलधाऱ्यांना आणि याजकांना सोबत घेऊन तिथं गेला. सगळ्यांदेखत त्यानं ते फोडलं आणि सांगितलं, या दरीला लोक आता कत्तलीची दरी म्हणतील.

‘गे हिन्नोम’ या नावाचं ग्रीकमध्ये ‘गेहेन्ना’ झालं, अरबीत ‘जहन्नम’, आणि तिथून फारसी-उर्दूच्या वाटेनं ते आपल्याकडे आलं. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशूच्या तोंडी गेहेन्ना ११ वेळा येतं.

प्रवचनांत एक गोष्ट हमखास रंगवून सांगतात: शहराचा कचरा तिथं रात्रंदिवस जळायचा, म्हणून तो नरक. ही गोष्ट लिहिलेली सापडते ती दाविद किम्ही या रब्बीकडे, म्हणजे ज्यू धर्मपंडिताकडे, इ.स. १२०० च्या सुमारास. म्हणजे येशूनंतर हजारावर वर्षांनी! त्याआधीच्या ग्रंथांत ती नाही, उत्खननातही तसा पुरावा नाही. आणि हवाय कशाला? पोटची पोरं जाळल्याची आठवण नाव बदनाम व्हायला पुरेशी आहे.

आता याच दरीच्या काठावरची गंमत ऐका. १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ तिथल्या खडकात कोरलेल्या थडग्यांचं उत्खनन करत होते. एका थडग्याखालच्या अस्थिकोठीत चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या, गळ्यात घालायच्या ताईतासारख्या. पत्रा इतका ठिसूळ की उलगडायलाच काही वर्षं गेली. मोठी गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर भरली. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघांनी कोरलंय: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकातला याजकांचा आशीर्वाद! काळ साधारण इ.स.पू. ६००. बायबलमधल्या मजकुराचा याहून जुना लेख आजवर हाती आलेला नाही. मृत समुद्राजवळ सापडलेल्या बायबलच्या प्रसिद्ध हस्तलिखित गुंडाळ्यासुद्धा त्याच्या कितीतरी नंतरच्या.

दोन्ही पत्रे जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत. आणि दरीत हल्ली बाग आहे, काठावर सिनेमाथेक, म्हणजे चित्रपट दाखवणारं केंद्र आहे. उन्हाळ्यात खालच्या जुन्या तलावात गाण्याचे कार्यक्रम होतात, त्यांची तिकिटं विकत घ्यावी लागतात.