मूळपेशी : बदली आणि बतावणी

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब. लाल पेशींची दाटी, मधूनच एखादी पांढरी.)

हेन्ड्रिक्ये व्हान आंडेल-शिपर. नेदरलंड्समधली ही बाई २००५ साली वारली तेव्हा तिचं वय होतं ११५. आपला देह विज्ञानाला द्यायचा, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्या रक्ताचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की रक्तातल्या बहुतेक पांढऱ्या पेशी फक्त दोन मूळपेशींच्या वंशातल्या होत्या. तरुण माणसात हे काम हजारो मूळपेशी वाटून घेतात. बाईंच्या बाकीच्या मूळपेशी आयुष्यभराच्या कामानं बहुधा संपून गेल्या होत्या.

(दृश्य : पेशीचं विभाजन, संथ गतीनं.)

मूळपेशी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो, त्या दोन कामं करतात. स्वतःसारखी आणखी एक मूळपेशी घडवायची, आणि गरज पडेल तशी रक्ताची, त्वचेची, स्नायूची पेशी तयार करायची. आपल्या शरीरात दर सेकंदाला साधारण २० लाख लाल पेशी नव्यानं जन्मतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. वय वाढलं की हा वेग उतरतो, जखम भरायला वेळ लागतो. मग साहजिकच वाटतं, थकलेल्यांच्या जागी ताज्या पेशी भरल्या तर?

हा विचार चुकीचा नाही. पण त्याच्या आधारानं दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालल्या आहेत.

(दृश्य : प्रयोगशाळेतले उंदीर. जुनी छायाचित्रं.)

१९६१, टोरंटो. जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. पुढे सिद्ध झालं, की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. रक्ताच्या मूळपेशीचा हा पहिला भक्कम पुरावा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. त्या कामासाठी डॉनल थॉमस यांना १९९०चं नोबेल मिळालं.

हा उपचार यशस्वी होतो त्यामागे एक साधं कारण आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. रक्ताची मूळपेशी शिरेतून सोडली तरी ती वाट काढत अस्थिमज्जेत पोहोचते, तिथे मुक्काम ठोकते आणि रक्तच बनवते. डोळ्याच्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेलाही अशाच मूळपेशी असतात. भाजून त्या गेल्या तर रुग्णाच्याच डोळ्यातल्या शिल्लक पेशी वाढवून बसवता येतात, आणि युरोपात या उपचाराला २०१५ साली मान्यता मिळाली.

(दृश्य : क्योटो. काचेच्या तबकडीत वाढणाऱ्या पेशी.)

२००६ साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेजवळच्या साध्या पेशींना मागे नेलं, थेट भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत. त्यांनी २४ जनुकं निवडली होती. त्यातली ४ पुरली. आता रुग्णाच्याच पेशीपासून मूळपेशी आणि तिच्यापासून हवी ती पेशी, हा रस्ता खुला झाला. २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासह यामानाकांना नोबेल मिळालं.

यानंतरच्या दोन घटना शेजारी ठेवून बघू या. आजार एकच, उतारवयात दृष्टिपटलाची झीज.

पहिली २०१४ची, जपानमधल्या कोबे शहरातली. मासायो ताकाहाशी यांच्या गटानं सत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या त्वचेच्या पेशींपासून दृष्टिपटलामागच्या थराचा पातळ पापुद्रा तयार केला. तो एकाच डोळ्यात बसवला. वर्षानंतर पापुद्रा जागेवर होता, दृष्टी सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींमध्ये जनुकीय बदल दिसले आणि गटानं शस्त्रक्रियाच थांबवली.

दुसरी २०१५ची, अमेरिकेतल्या फ्लोरिडातली. एका खासगी क्लिनिकनं ७२ ते ८८ वयाच्या तीन बायकांच्या पोटाची चरबी काढली, तिच्यातून पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले. तिघींची दृष्टी जवळपास गेली. ही संशोधनाची चाचणी आहे, असा काहींचा समज झाला होता. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून पैसे सहसा मागत नाहीत, आणि दोन्ही डोळे एकदम पणाला कोणी लावत नाही.

(दृश्य : सलाइनची बाटली, थेंब थेंब गळणारी.)

‘चिरतारुण्याचं सलाइन’ म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेकदा चरबीतून, अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या पेशी असतात. शिरेतून दिल्या की त्यातल्या बऱ्याच फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. मेंदूत जाऊन न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, होणं, गुडघ्यात जाऊन कूर्चा होणं, यातलं काही त्या करत नाहीत. त्या रसायनं सोडतात, दाह कमी करतात. तेवढ्याचाही उपयोग आहे, हे मान्य करायला हवं. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी बालरुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइड लागू पडत नाहीत, अशा वेळी देण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत या प्रकारच्या पेशींना प्रथमच मंजुरी मिळाली. गुडघ्याच्या झिजेवर मात्र २०२३ साली एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. एका बाजूला तीन प्रकारची पेशी-इंजेक्शनं, दुसऱ्या बाजूला स्टेरॉइडचं नेहमीचं इंजेक्शन. वर्षाअखेर पेशी सरस ठरल्या नाहीत.

तेव्हा कोणी मूळपेशींचा उपचार सुचवला तर विचारा. पेशी कुठली? शरीरात गेल्यावर ती काय होणार? कुठे टिकणार, आणि टिकली हे तपासणार कसं? उत्तरात ‘नैसर्गिक’ आणि ‘तुमच्याच शरीरातली’ एवढंच ऐकू आलं तर उठून यावं. फ्लोरिडातल्या पेशीही त्या बायकांच्याच होत्या.

(दृश्य : म्हातारा उंदीर, तरुण उंदीर.)

म्हातारपणाची गोष्ट आणखी अवघड आहे. २००५ साली एका प्रयोगात म्हातारा आणि तरुण उंदीर शस्त्रक्रियेनं जोडले, दोघांचं रक्ताभिसरण एक केलं. म्हाताऱ्याच्या स्नायूंतल्या मूळपेशी पुन्हा कामाला लागल्या. म्हणजे त्या मेल्या नव्हत्या, भोवतालच्या जुन्या रक्तानं निपचित पडल्या होत्या. खारवट जमिनीत नवं बी टाकून काय उगवणार? २०१६ मध्ये यामानाकांची जनुकं उंदरांच्या शरीरात थोडा थोडा वेळच चालू ठेवण्याचा प्रयोग झाला. अकाली वार्धक्य असलेले ते उंदीर जास्त जगले. पण हीच जनुकं सतत चालू राहिली तर गाठी होतात, उंदीर मरतात.

(दृश्य : मेंदूचं स्कॅन. मग स्वादुपिंडाचं रेखाचित्र.)

खरी हालचाल एकेक पेशी नेमकी ओळखून चालली आहे. कंपवातात डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणारे न्यूरॉन जातात. क्योटोमध्ये ७ रुग्णांच्या मेंदूत मूळपेशींपासून घडवलेल्या, त्याच न्यूरॉनच्या पूर्वज पेशी बसवल्या. २०२५ साली निष्कर्ष आले. गंभीर अपाय नाही, पेशी जगल्या, डोपामाइन बनलं. त्याच वर्षी टाइप १ मधुमेहाच्या चाचणीत, मूळपेशींपासून घडवलेल्या आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं बाहेरून घ्यायचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं.

त्यांचं इन्सुलिन सुटलं, पण प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं लागली. ती घेतली नाहीत तर शरीर या पाहुण्या पेशींना संपवतं. स्वीडनमध्ये एका मधुमेही माणसाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशी सोडल्या, प्रतिकारशक्तीला दिसू नयेत असे जनुकीय बदल करून. अशी कुठलीही औषधं न देता त्या १२ आठवड्यांनंतरही इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दाम अगदी थोडी ठेवली होती, त्यामुळे त्याला रोजचं इन्सुलिन अजून घ्यावं लागतं.