एक्स-ओजेन कोण होता?

ॲरिझोनातल्या किट पीक डोंगरावरची ३६ फुटी रेडिओ दुर्बीण. १९७० साली डेव्हिड बूल आणि लुईस स्नायडर यांना तिच्यातून ८९.२ गिगाहर्ट्‌झला एक ठळक रेषा मिळाली, म्हणजे एखाद्या रेणूची ओळख सांगणारी ठरावीक वारंवारितेची रेडिओ लहर. एका मेघात नव्हे, अनेक आंतरतारकीय मेघांत, ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगांत. पण अशी रेषा कोणत्याही प्रयोगशाळेत कधी नोंदली गेली नव्हती. त्या अनोळखी रेणूला त्यांनी तात्पुरतं नाव दिलं, एक्स-ओजेन.

हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्लेम्परर यांनी लगेचच तर्क मांडला. हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, तीन अणू एका ओळीत, आणि वर धन विद्युतभार. म्हणजे हा आयन आहे, विद्युतभार असलेला रेणू!

आपल्या हवेत असा आयन जन्मला तरी पुढच्याच क्षणी कशाला तरी धडकून संपतो. मेघात मात्र धडकायलाच फारसं कुणी नसतं. आपण ज्याला दाट मेघ म्हणतो, त्यातही एका घनसेंटीमीटरमध्ये साधारण दहा हजार रेणू. आणि थंडी उणे २६३ अंश सेल्सिअसची.

इतक्या थंडीत साधे रेणू एकमेकांवर आदळले, तरी बहुतेक वेळा काही घडत नाही. अभिक्रियेला लागणारी ऊर्जाच त्यांच्याकडे नसते. आयनाची गोष्ट वेगळी. त्याचा विद्युतभार शेजारच्या रेणूला स्वतःकडे ओढतो. आता हा क्रम नीट पाहा. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान कण, हायड्रोजनच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. उरलेला आयन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला भिडतो आणि तीन हायड्रोजन अणूंचा आयन तयार होतो, एच-थ्री-प्लस. हा फार उदार. आपला एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, तो कार्बन मोनॉक्साइडला देऊन टाकतो, आणि तयार होतो एक्स-ओजेन.

१९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट आणि क्लेम्परर यांनी मेघांतल्या अशा अभिक्रियांचं सविस्तर गणित मांडलं. पुढे विस्कॉन्सिनमध्ये क्लॉड वूड्स यांच्या गटाने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विरळ मिश्रणातून वीज सोडली. रेषा नेमकी तिथेच उमटली. क्लेम्परर बरोबर होते.

तरीही सगळ्याचं मूळ असलेला एच-थ्री-प्लस मेघांत कुणी पाहिलेला नव्हता. ताकेशी ओका यांनी १९८० मध्ये त्याचा अवरक्त वर्णपट प्रयोगशाळेत टिपला आणि आकाशात त्याचा शोध सुरू केला. वर्षांमागून वर्षं हाती काही लागेना. ही चिकाटी मला या सगळ्या तर्कांइतकीच मोठी वाटते. अखेर १९९६ मध्ये थॉमस गेबाले आणि ओका यांनी जाहीर केलं, की मेघांत दडलेल्या दोन तरुण ताऱ्यांच्या अवरक्त प्रकाशात एच-थ्री-प्लसच्या शोषणरेषा, म्हणजे त्याने शोषून घेतल्यामुळे प्रकाशात पडलेल्या काळ्या रेषा, सापडल्या आहेत.